अर्धी झारी

आमच्या वाडीत सकाळचे पहिले काम पाण्याचे. पूर्वी ते रहाटाचे होते, आज पंपाचे आहे. बावखल बुजून गेले, त्यावर शेजाऱ्यांची गाडी उभी राहते. वडिलोपार्जित वाडीतले अकरा गुंठे काय ते उरले आहेत. त्यात सोनचाफ्याची सात झाडे, मोगऱ्याच्या चार रांगा, थोड्या केळी आणि घरापुरते वांगी-मिरचीचे वाफे. वसईच्या ज्या गावात आम्ही राहतो, तेथे एवढी वाडी राखून असणे हेही आता लोकांना हौसेचे वाटते. असो.

या वाडीत गेल्या पावसाळ्यानंतर एका नव्या गड्याची भरती झाली. वय चार वर्षे पूर्ण, पाचवे चालू. नात्याने आमचा नातू. निर्मळच्या जत्रेत त्याला एक लाल झारी घेऊन दिली होती, ती त्याची अवजार. टाकीच्या तोटीखाली तो ती काठोकाठ भरी. वाफ्यापर्यंत पोहोचेतो त्यातले अर्धे पाणी त्याच्या पायांवर सांडलेले असे. उरलेले अर्धे तो रोपांच्या मुळांवर न घालता पानांवर घाली, कारण पानांवर पडलेले पाणी चमकते आणि मातीत गेलेले दिसेनासे होते. मग फाटकावर उभा राहून तो रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगे, ‘‘आज मी वाडी शिंपली.’’ दुधाच्या पिशव्या टाकणारा, मिस्साहून परतणाऱ्या बाया, शाळेची रिक्षा, सर्वांना ही वार्ता मिळे.

आम्हीही म्हणायचो, ‘‘बाबा रे, तू आहेस म्हणून ही वाडी जगली.’’ आणि संध्याकाळी तो झोपी गेला की नळी घेऊन त्याच वाफ्यांना पुन्हा पाणी लावायचो. यात आम्हाला काहीच गैर वाटत नव्हते. उलट आपण मोठे समंजस आजोबा आहोत, असे मनोमन वाटत होते. मुलाचा उत्साहही टिकला, रोपेही टिकली. दोन्ही हिशेब जुळले.

पाचव्या की सहाव्या दिवशी तो झोपला नव्हता. आजीचा हात धरून पडवीत आला आणि आम्हाला नळी घेऊन त्याच्या वाफ्यात उभे असलेले त्याने पाहिले. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘आजोबा, तिथे मी पाणी घातलं होतं ना?’’

‘‘होय रे. जरा कमी पडलं होतं.’’

‘‘मग मला का नाही सांगितलं?’’

आम्ही आयुष्यभर शाळेत शिकवले. वर्गात मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले नाही असे फारसे झाले नसेल. या प्रश्नाला मात्र आम्हाला उत्तर सापडले नाही. दुसऱ्या दिवशी झारी तोटीखाली तशीच पडून होती.

प्रश्न दिसायला लहान आहे, पण तो आमच्या मनातून जाईना. आम्ही खोटे बोललो होतो काय? कौतुक करणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हे उघड आहे. त्याचे झारी उचलून आणणे आम्हाला खरोखरच आवडत होते आणि तेवढेच आम्ही म्हटले असते तर ते निखळ सत्य ठरले असते. परंतु ‘‘तू आहेस म्हणून वाडी जगली’’ हे विधान वाडीविषयी होते, आमच्या आनंदाविषयी नव्हते, आणि वाडीविषयी ते असत्य होते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्याने आमच्याजवळ कौतुक मागितलेच नव्हते. त्याने कामात वाटा मागितला होता. आम्ही त्याच्या हाती कौतुक ठेवून वाटा काढून घेतला आणि हे त्याला कळू दिले नाही. पाणी कमी पडले एवढे सांगितले असते तर त्याने दुसरी झारी आणली असती. त्याला पाणी घालणे शिकण्याची एक संधी आली होती, ती आम्ही अंधारात नळीने धुऊन टाकली.

ज्येष्ठ वाचकांना ही भावना परकी नसावी. धर्मग्रामातल्या एखाद्या समितीत म्हाताऱ्या माणसाला सन्मानाने पहिल्या रांगेत बसवतात, त्याचे चार शब्द ऐकतात, टाळ्या वाजवतात, आणि निर्णय मात्र आदल्या रात्री दुसऱ्याच ओसरीवर झालेला असतो. आपल्याही हाती केव्हा तरी अशी लाल झारी येते. तेव्हा ती किती हलकी लागते!

लहान मूल काम करायला धावते ते कोणी शिकवले म्हणून नव्हे. जर्मनीतील लाइपझिग येथील संस्थेत काम करणारे फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोन अभ्यासकांनी २००६ साली अठरा महिन्यांच्या बालकांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मोठ्या माणसाच्या हातून कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडला आणि तो हात लांबवूनही पोहोचेना, असे नाटक केले की नुकतीच चालू लागलेली बहुतेक मुले दुडुदुडु जाऊन तो उचलून देत. कोणी सांगितले नव्हते, बक्षीस नव्हते. पुढे २००८ साली त्यांनी आणखी एक प्रयोग मांडला. मदत केल्याबद्दल ज्या मुलांना वस्तूरूपाने बक्षीस दिले गेले, ती मुले बक्षीस थांबल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. कुवेतहून आलेल्या आमच्या एका नातलग बाईंनी नातवाला एका अंड्यामागे दहा रुपये देऊ केले, तेव्हा चार दिवसांत तो कोंबडीला ‘अजून एक घाल’ म्हणून दटावू लागला होता, ते आम्हाला या संदर्भात आठवले.

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तेथे त्यांना दिसले की खेळणी आणि खरे काम यांतून निवडायला मिळाले तर मुले पुष्कळदा काम निवडतात. म्हणून त्यांनी मुलांच्या हाताला पेलतील असे, पण खरेखुरे झाडू, खरे तांबे, फुटतील अशा काचेच्या वस्तू दिल्या. तोच विचार आमच्याच भागात, आताच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आणला. तेथे साधने बाजारातून आली नाहीत. शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांतूनच ती उभी राहिली. फुटेल अशी वस्तू मुलाच्या हाती द्यावी, या एका कल्पनेकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

परंतु येथवर लिहून आम्ही थांबतो, कारण याच विषयाची दुसरी बाजू आमच्या घरात जिवंत आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती बँकेचे पासबुक घेऊन आमच्या पडवीत येऊन बसते.

ते आमचे थोरले बंधू. १९६२ साली ते दहा वर्षांचे होते, आम्ही सात. चौथीची परीक्षा होऊन गेली होती. त्या वर्षी वडील आजारी पडले आणि अंथरुणाला खिळले. आई पहाटे भाजीची पाटी घेऊन गाडीने मुंबईला जाई ती दुपारी परते. वाडीत रहाटाला जुंपलेल्या रेड्यामागे चालायला, पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायला, केळीचे लोंगर उतरवायला कोणीतरी हवे होते. त्यांची शाळा सुटली. कोणी त्यांना मारले नाही, दटावले नाही. गावातले लोक वाटेने जाताना थांबून म्हणत, ‘‘वा! घरातला कर्ता पुरुष!’’ आणि आमचे बंधू ताठ होत. तो अभिमान आम्हाला आजही डोळ्यांपुढे दिसतो. नातवाच्या चेहऱ्यावर झारी घेऊन येताना जो होता, नेमका तोच. त्या अभिमानावर त्यांनी दहाव्या वर्षापासून वाडी ओढली, आम्ही शिकलो, शिक्षक झालो, निवृत्तिवेतन घेतो आहोत, आणि ते पासबुकावरची नोंद आमच्याकडून वाचून घेतात.

मुलाचा अभिमान ही जगातली सर्वांत स्वस्त मजुरी आहे. ती द्यायला खिशात हात घालावा लागत नाही. दोन शब्द पुरतात आणि ते शब्द देणाऱ्यालाही वाटत असते की आपण मुलाचे भलेच करीत आहोत. शेतातल्या बाललीलांचे गोड वर्णन करणाऱ्या लेखकाने, म्हणजे आम्हीही त्यात आलोच, हे विसरता कामा नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १६ कोटी मुले बालमजुरीत होती. २०२४ साली ती संख्या १३ कोटी ८० लाखांवर आली. त्यांतील सुमारे ६१ टक्के मुले शेती व तत्सम कामांत आहेत. बालमजूर म्हटले की आपल्यापुढे गालिच्याचा माग किंवा फटाक्यांचा कारखाना उभा राहतो. प्रत्यक्षात यांतली बहुसंख्य मुले परक्या मालकाकडे नव्हे, स्वतःच्या कुटुंबातच राबत असतात. म्हणजे त्यांचा मालक त्यांना संध्याकाळी जवळ घेतो, भाकरी वाढतो, आणि कर्ता पुरुष म्हणतो.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले होते की, शरीर आणि मन पुरते वाढल्याशिवाय मुलांना कारखान्यात धाडू नये. वसंतातल्या कळ्या आणि कडक हवामान यांची उपमा त्यांनी तेथे योजली आहे. फुले विकून जगणाऱ्या आमच्या समाजाला ती समजावून सांगावी लागणार नाही. पण तो इशारा कारखान्यांबद्दल होता. वाड्या त्यातून सुटल्या. १९८६ चा आपला बालकामगारविषयक कायदा २०१६ साली दुरुस्त झाला आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आली. मात्र शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत, धोक्याचे नसेल अशा घरच्या कामात मुलाने हातभार लावण्यास त्यात मोकळीक आहे. ही मोकळीक योग्यच म्हणावी लागेल. नाहीतर आमचा नातू गुन्ह्याचा बळी आणि आम्ही आरोपी ठरू. पण कायदा फार तर तास मोजतो, धोका मोजतो, शाळेचा पट पाहतो. फाटकावर ताठ उभ्या राहिलेल्या मुलाच्या अभिमानाचा कोण कसा उपयोग करीत आहे, हे त्याला कुठून दिसावे?

आम्ही एकदा धीर करून बंधूंना विचारले होते, ‘‘दादा, तुम्हाला कधी राग आला नाही?’’ ते बराच वेळ पासबुकाची पाने चाळीत राहिले. मग म्हणाले, ‘‘राग कशाचा? मला कुणी विचारलं नाही एवढंच. विचारलं असतं तर मी होच म्हणालो असतो.’’

या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. प्रथम वाटले, विचारायला हवे होते, चूक तेवढीच. मग ध्यानात आले की विचारून काही साधले नसते. आई पाटी उचलते आहे, बाप खोकतो आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला विचारायचे की शाळा सोडशील का? तो होच म्हणणार. त्याचे ते ‘हो’ खरे असेल, मनापासून असेल, आणि तरीही ते पुढे करून मोठ्यांना आपली सुटका करून घेता येणार नाही. मुलाला काय हवे यावरून हा प्रश्न सुटत नाही. ते ओझे मोठ्यांनीच उचलायचे असते. आमच्या आईने ते उचलले नाही असे म्हणवत नाही. तिच्यापुढे दुसरी वाट कोणती होती ते आम्हाला आजही सांगता येणार नाही. पण त्या वेळी गावाने आमच्या घराला गडी दिला असता तर दादा शाळेत गेले असते. गावाने कौतुक दिले.

१९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नव्हे, असे मांडले. हीच फूटपट्टी वाडीत लावून पाहिली तर काय दिसते? दादांनी एक दिवस काम थांबवले असते तर घर कोसळले असते. तेथे मूल वाडीसाठी होते. नातवाने झारी टाकली तर काहीच बिघडत नाही, कारण आमची नळी तयार आहे. तेथे वाडी मुलासाठी आहे खरी, पण ती त्याच्यासाठी मांडलेली रंगभूमी होऊन बसली आहे. एका ठिकाणी ओझे खरे आणि मुलाला न पेलणारे; दुसऱ्या ठिकाणी ओझेच खोटे. या दोहोंमध्ये कोठेतरी असे काम असले पाहिजे की जे चुकले तर खरोखर काही बिघडेल, पण जे बिघडेल ते घराला सोसता येईल. मॉन्टेसरीबाईंची काच ती हीच.

म्हणून आम्ही नातवाला खुराड्याचे काम दिले.

आमच्याकडे पाच गावठी कोंबड्या, एक कोंबडा, आणि त्या वेळी एका कोंबडीमागे नऊ पिल्ले होती. तिन्हीसांजेला ती सर्व आत गेली की मोजायची आणि दाराला कडी घालायची. पंधरापर्यंत मोजणे त्याला आम्ही शिकवले. अंधारात पिल्ले हलत, मोजणी चुके, तो पुन्हा पहिल्यापासून मोजी. या खेपेस आम्ही मनाशी ठरवले की मागून जाऊन कडी तपासायची नाही. एकदा जी लबाडी पकडली गेली तिची पुनरावृत्ती नको. तीन आठवडे सारे सुरळीत चालले. फाटकावरून आता गावाला नवी वार्ता मिळू लागली, ‘‘आमच्याकडे पंधरा जण आहेत.’’

नाताळच्या आदल्या आठवड्यात घरी भावंडे जमली. ख्रिस्तजन्माचा गोठा बांधायचे काम सुरू झाले. पेंढा, कागद, दिव्यांची माळ, सगळा गलबला. त्या संध्याकाळी कडी राहिली. सकाळी खुराड्यापुढे पिसे पडली होती आणि नऊ पिल्लांतली चार नव्हती. बोका की उदमांजर, ते कळले नाही.

नातू उठण्यापूर्वी स्वयंपाकघरात जी चर्चा झाली, ती आम्हाला येथे नोंदवलीच पाहिजे. त्याचा बाप, आमचा चिरंजीव, गाडी पकडण्याच्या घाईत म्हणाला, ‘‘सांगा त्याला, कडी तुटली होती. सणाचे दिवस आहेत.’’ आजी मात्र आमच्यावरच संतापली. ती म्हणाली, ‘‘तुम्हाला ठाऊक होतं पोर आज गोठ्यात गुंतलंय. तुमच्या डोक्यात आलंही असेल. तरी तुम्ही उठला नाहीत. पोराला खरं काम द्यायचं म्हणून पिलांचा जीव घालवायचा? त्यांनी तुमचं काय केलं होतं?’’

तिचा आरोप खोटा नव्हता. जेवताना आम्हाला कडीची आठवण झाली होती. आम्ही जागचे हललो नाही. त्या वेळी आम्हाला ती तत्त्वनिष्ठा वाटली. चार पिल्लांच्या दृष्टीने पाहिले तर तो एका म्हाताऱ्याचा हट्ट होता. मुलाशी प्रामाणिक राहायचे म्हणून आम्ही तपासायचे टाळले, पण प्रामाणिकपणाला तपासण्याची बंदी कोठे होती? पहिल्या खेपेस चूक तपासण्यात नव्हती, ती लपून तपासण्यात होती. एक खड्डा चुकवताना आम्ही दुसऱ्यात पडलो होतो, आणि किंमत भलत्यांनीच मोजली.

नातू उठला तेव्हा आम्ही त्याला खुराड्यापाशी नेले. कडी तुटली होती असे सांगितले नाही. म्हटले, ‘‘काल कडी लागली नव्हती. तू विसरलास. मला आठवलं होतं, पण मी उठलो नाही. दोघांचीही चूक झाली.’’ त्याने वाकून आत पाहिले. बोट नाचवीत मोजले. अकरावर थांबला. पुन्हा मोजले. मग आजीकडे धावत गेला आणि तिच्या पदरात तोंड खुपसून रडला, नाश्ताही केला नाही. गोठ्याकडे तो दुपारपर्यंत फिरकला नाही. आपण फार मोठे ओझे त्या लहान जिवावर टाकले की काय, ही शंका त्या दिवशी आमच्या मनात होती आणि ती पुरती गेली आहे असे आजही म्हणता येत नाही.

संध्याकाळी आम्ही काहीच बोललो नाही. अंधारू लागले तसा तो आपणहून आला आणि म्हणाला, ‘‘आज कडी कोण लावणार?’’

‘‘तू सांग.’’

‘‘मी लावणार. पण तुम्ही पण बघा. माझ्यासमोर.’’

तेव्हापासून आम्ही दोघे विजेरी घेऊन जातो. तो मोजतो, कडी घालतो. मग बाजूला सरून आम्हाला जागा देतो. आम्ही कडी एकदा ओढून पाहतो, तो आमच्या हाताकडे लक्ष ठेवून असतो. परतताना गेल्या आठवड्यात तो मध्येच थांबला.

‘‘आजोबा, तुम्ही पंप बंद केला?’’

‘‘केला की.’’

‘‘चला, बघू.’’

पंप चालूच होता.